मुंबई हायचं तेल आणि धक्क्यावरचं डिझेल

मासेमारीबंदी उठली की हर्णै बंदरात आधी बर्फ चढतो, मग डिझेल. मागे एक तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, पावतीची घडी खिशात सारत म्हणाला, "तेल आपल्याच दर्यात ना? मग भाव दुबईचा कसा?" प्रचारसभांतही हेच ऐकू येतं: आपलं तेल काढा, डिझेल उतरेल. कानाला बरं वाटतं, पण खडक ऐकत नाही, आणि बाजारही.

आधी खडक. १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या खोदकामाच्या फलाटाने मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रतळ खणला आणि तेल लागलं. तेच मुंबई हाय. पाणी तिथे जेमतेम ७५ मीटर, तेल मात्र त्याखाली हजारभर मीटरहून खोल, चुनखडकात. तेलाचं तळं वगैरे काही नसतं. पावसात भिजलेला जांभ्याचा चिरा उचलून पाहा: जड लागतो, पण पिळून पाणी निघत नाही. तेलही असंच खडकाच्या बारीक छिद्रांत अडकलेलं असतं. सुरुवातीला आतल्या दाबाने ते वर येतं. दाब ओसरला की गाळलेलं समुद्राचं पाणी दुसऱ्या विहिरींतून आत दाबायचं आणि तेलाला पुढे ढकलायचं. वर्षं सरतात तसं तेलासोबत पाणीच जास्त येऊ लागतं, आणि बराच मोठा हिस्सा खडकातच राहतो. ऐंशीच्या दशकात इथून दिवसाला चार लाखांवर पिंपं निघत. आता त्याच्या आसपासही नाही. देशाला रोज लागतात पन्नास लाखांहून अधिक.

मग आणखी खणा! खणावं, पण कोकणापुढच्या समुद्रात दख्खनचा काळा कातळ आडवा येतो. खडकांचा अंदाज ध्वनिलहरी सोडून, त्यांचे पडसाद ऐकून घेतात. या कातळाच्या, म्हणजे बेसाल्टच्या, थरांत त्या लहरी विखुरतात आणि खालचं चित्र धूसर होतं.

आणि समजा, सापडलंच. इथलं कच्चं तेलही जागतिक भावाशी बांधलेल्या दरानेच विकलं जातं. परकीय चलन वाचेल, हे मोठंच आहे (८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल आपण आयात करतो), पण पंपावरचा आकडा त्याने हलणार नाही.

तो हलतो जागतिक भावाने आणि करांनी. केंद्राचं उत्पादन शुल्क लिटरमागे ठरावीक रुपयांत असतं. मे २०२० मध्ये ते डिझेलवर ३१.८३ रुपये होतं, म्हणजे जगात तेल स्वस्त झालं तेव्हा आपल्याकडे कर चढला. मे २०२२ मध्ये ते १५.८० वर आलं. त्यातला राज्यांशी वाटून घ्यायचा मूळ शुल्काचा भाग मात्र तेव्हा १.८० रुपयेच होता, बाकी अधिभार-उपकर. राज्याचा व्हॅट टक्केवारीत, म्हणजे भाव चढला की आपोआप फुगणारा. पेट्रोल-डिझेल जीएसटीत आणायला कुणीच का धजावत नाही, ते यावरून कळावं. भरीला समुद्रातल्या तेलाची रॉयल्टी केंद्राकडे जाते, महाराष्ट्राला त्यातली दमडी नाही.

मच्छीमारांना राज्याकडून व्हॅटचा परतावा मिळतो. पण आधी पूर्ण भावाने डिझेल भरायचं, मग सोसायटीमार्फत प्रस्ताव, मग वाट पाहायची. तांडेलाने पावती जपून ठेवली होती ती त्यासाठीच. मागच्या हंगामाचे पैसे अजून आले नव्हते.