कर्नल अपडेटनंतर एक्स्पान्शन कार्ड बंद पडणे

मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये बसवलेले ग्राफिक्स, नेटवर्क, वाय-फाय किंवा साउंड कार्ड ऑपरेटिंग सिस्टिमचा कर्नल, म्हणजे तिचा गाभा, बदलल्यावर चालेनासे होणे. लिनक्सवर हा अनुभव विशेष येतो, कारण आतल्या ड्रायव्हरांसाठी (कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामांसाठी) जोडणीची कायमची पद्धत, म्हणजे इंटरफेस, त्या कर्नलने मुद्दामच ठेवलेला नाही. कर्नलमध्येच असलेले ड्रायव्हर त्याच्यासोबत बदलतात. बाहेरून घातलेले मॉड्यूल, म्हणजे कर्नलला वेगळा जोडलेला ड्रायव्हर, प्रत्येक नव्या आवृत्तीसाठी पुन्हा बांधावे लागते. हे काम आपोआप करणारी डीकेएमएस ही यंत्रणा डेल कंपनीतील अभियंत्यांनी २००३ मध्ये आणली. पण नव्या कर्नलची हेडर पॅकेजेस (मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या फाइली) नसतील, तर तीही हात टेकते.

गोव्यात या दोषाला पावसाचे निमित्त मिळते. नवा कर्नल डिस्कवर उतरला, तरी चालू संगणक रीस्टार्ट होईपर्यंत जुन्यावरच चालतो. म्हापशातल्या दुकानात महिनोन्महिने बंद न केलेला संगणक जूनच्या पहिल्या गडगडाटात वीज जाऊन बंद पडतो आणि वीज आल्यावर प्रथमच नव्या कर्नलवर सुरू होतो. कार्ड गायब, आणि खापर विजेवर! हा संशय अगदीच खुळा नाही. विजेच्या झटक्याने नेटवर्क कार्ड खरोखर जळते, आणि किनाऱ्याच्या खाऱ्या, दमट हवेत कार्डाच्या कडेच्या पट्ट्यांवर थर चढतो.

म्हणून आधी निदान, मग पेचकस. सुरू होताना ग्रब या बूट-प्रोग्रामच्या मेनूतून जुना कर्नल निवडावा. त्यावर कार्ड चालले, तर ते शाबूत आहे. नव्यावर ‘एलएसपीसीआय -के’ (lspci -k) या कमांडच्या यादीत कार्ड दिसते, पण ‘वापरातील ड्रायव्हर’ (Kernel driver in use) ही ओळ नाही, असे असेल तर मॉड्यूल लागलेले नाही. कारण बहुधा ‘डीमेसेज’ (dmesg) या कमांडने दिसणाऱ्या कर्नलच्या नोंदींत सापडते. सिक्युअर बूट (फक्त सही असलेले सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) चालू असल्यास सही नसलेले मॉड्यूल कर्नल नाकारतो. फर्मवेअरची (कार्डाच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरची) फाइल नसल्याची तक्रार असेल, तर फर्मवेअर पॅकेज अद्ययावत करावे.

दोन्ही कर्नलांवर कार्ड यादीतच नसेल, तरच संगणकाची केस उघडावी. प्लग काढून कार्ड पुन्हा घट्ट बसवावे, दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून पाहावे. पट्ट्या खोडरबराने घासण्याची रीत सर्रास आहे. तिने सोन्याचा मुलामाही झिजतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल बरे.

मॉड्यूल दुरुस्त होईपर्यंत जुना कर्नल काढून टाकू नये.