‘पॉश’ मुंबईच्या बोटीतून आलेला नाही

“कोथरूडला पॉश फ्लॅट घेतलाय म्हणे!” असं कुणी बोललं की एखादे जाणकार काका हमखास सांगतात: पॉश म्हणजे ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’. विलायतेहून मुंबईला येताना साहेब बोटीच्या डाव्या अंगाची केबिन घ्यायचा, परतताना उजव्या. दोन्ही खेपांना उत्तरेची बाजू, म्हणजे ऊन कमी. तिकिटावर म्हणे ही चार अक्षरं उमटवलेली असत.

गोष्ट झकास, पण पुरावा शून्य. या प्रवासी बोटी चालवणाऱ्या पी अँड ओ कंपनीचं असं एकही तिकीट आजवर कुणाला दाखवता आलेलं नाही. आजच्या अर्थाचा ‘पॉश’ १९१४ मध्ये छापील सापडतो. बोटीची कथा छापून आली ती १९३५ च्या सुमारास! उलट १८९० च्या इंग्रजी बोलीत ‘पॉश’ म्हणजे छानछोकी करणारा गडी, आणि त्याही आधी जिप्सींच्या रोमानी भाषेतून आलेला ‘पॉश’ म्हणजे अर्धा पेनी, चिल्लर. आजचा शब्द यांतूनच कुठूनतरी आला असावा.

ऑफिसातल्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा ‘पॉश’ कायदा मात्र खरोखर आद्याक्षरांचाच: ‘प्रिव्हेन्शन ऑफ सेक्शुअल हॅरासमेंट’.