फूल पडणं (डोळ्यातलं)

फूल पडणं : डोळ्याच्या काळ्या भागावर पांढुरका ठिपका, डाग किंवा जाड पांढरा थर दिसायला लागणं. मोतीबिंदू वेगळा, तो आतल्या भिंगाचा, बाहुलीच्या मागचा. फूल हे डोळ्याच्या सगळ्यात पुढच्या पारदर्शक पडद्यात असतं. सांगली-साताऱ्याकडं ओपीडीत माणूस आजही ‘‘डॉक्टर, फूल पडलंय बघा, काढून टाका की’’ असंच म्हणत येतो, आणि त्या एका शब्दात दोन पार वेगळ्या गोष्टी बसलेल्या असतात. एक म्हणजे चालू जखम, म्हणजे व्रण, ज्याला आजच्या आज औषध पाहिजे. दुसरी म्हणजे जखम भरून मागं राहिलेला वण, ज्याच्यावर थेंब टाकून काही होत नाही. व्रणाला वण समजून माणूस घरी बसला की डोळा हातचा जातो, म्हणून हा फरक इथं जरा लांबवून मांडलाय.

पडद्याच्या नावाचाच घोळ आधी बघावा लागतो. शाळेत पारपटल शिकवतात, जुन्या कोशांत स्वच्छमंडल सापडतं, दवाखान्यात सगळे कॉर्निया म्हणतात आणि गावात बुबुळ. शास्त्राच्या भाषेत बुबुळ म्हणजे पारपटलाच्या मागचा रंगीत पडदा, पण पारपटल काचेसारखं असल्यामुळं नुसत्या डोळ्याला मागचं बुबुळच दिसतं, तेव्हा ‘बुबुळावर फूल’ म्हणणाऱ्याची चूक काढण्यात अर्थ नाही. आडवं मोजलं तर हा पडदा साधारण ११ ते १२ मिलिमीटर, मध्यभागी जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. डोळ्याच्या एकूण सुमारे ६० डायॉप्टर (भिंगाची ताकद मोजायचं एकक) ताकदीपैकी ४३ च्या आसपास एकट्या याची. त्यात रक्तवाहिन्या नसतात. सगळ्यात आतल्या पेशींचा एकपदरी थर पडद्यातलं पाणी सतत बाहेर ओढत राहतो म्हणून तो पारदर्शक राहतो, आणि या पेशी माणसात पुन्हा तयार होत नाहीत, गेल्या त्या गेल्या.

थर किती, यावर अजून एकमत नाही. वर्षानुवर्षं पाचच शिकवले जायचे. २०१३ मध्ये नॉटिंगहॅमच्या हरमिंदर दुआ यांनी डेसेमेट पटलाच्या (आतल्या पेशींचा थर ज्याला चिकटलेला असतो त्या पातळ पापुद्र्याच्या) अगदी पुढं एक पातळ पण चिवट थर वेगळा दाखवला, त्याला काही जण दुआ थर म्हणतात. बाकीच्यांचं म्हणणं, हा नवा थर नव्हे, मधल्या जाड थराचाच शेवटचा पदर आहे. नाव काहीही द्या, हवा सोडून पडदा वेगळा करायच्या ऑपरेशनमध्ये हा पदर सर्जनला प्रत्यक्ष भेटतो, त्यामुळं त्याला स्वतंत्र ओळख द्यावी हे मत जास्त सोयीचं वाटतं.

फूल हा शब्द किती जुना ते नक्की सांगणं अवघड, पण कल्पना मराठीच्या आधीची दिसते. संस्कृत कोशांत ‘पुष्प’ या शब्दाचा एक अर्थ डोळ्याचा रोग असाही दिलेला आहे, आणि हिंदीतही फूली म्हणतातच. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मात्र शब्द येतो तो ‘शुक्र’. (ग्रंथाचा काळ काही अभ्यासक इ.स.पू. सहाव्या शतकाच्या सुमारास नेतात, काही इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांपर्यंत खाली आणतात. उत्तरतंत्र मागाहून जोडलं गेलं असावं असंही बऱ्याच जणांना वाटतं.) डोळ्याच्या काळ्या भागाचे चार रोग तिथं सांगितलेत, त्यातले दोन आपल्या कामाचे : सव्रण शुक्र आणि अव्रण शुक्र. सव्रण म्हणजे खोलगट, सुईनं टोचल्यासारखं दिसणारं, गरम पाणी गळणारं आणि प्रचंड ठणकणारं. आजच्या कॉर्नियल अल्सरचं, म्हणजे पारपटलाच्या व्रणाचं वर्णन याहून नेमकं करता येणार नाही, यावर फारसा वाद नाही.

वाद आहे तो अव्रण शुक्राबद्दल. नव्या काळातल्या बऱ्याच आयुर्वेद पुस्तकांत अव्रण शुक्र म्हणजे भरून आलेला वण असं सरळ जुळवून टाकलंय, कारण ‘अव्रण’ म्हणजे जखम नसलेलं. पण मूळ वर्णन नीट वाचलं तर तिथं डोळे आल्यापासून झालेलं, थोडं दुखणारं, थोडं पाणी येणारं, आभाळातल्या पातळ ढगासारखं पांढरं असं म्हटलंय, आणि वर हे बरं व्हायला सगळ्यात सोपं असंही. जुना वण दुखतही नाही आणि सहज जातही नाही. त्यामुळं अव्रण शुक्र म्हणजे जखम न होता नुसती सूज येऊन पडदा धुरकट झालेली अवस्था, हे दुसरं मत पटायला जास्त सोपं. वणाची जागा बहुधा त्याच्या पुढच्या ओळीत आहे, जिथं खोल, जाड आणि जुनं शुक्र बरं व्हायला कठीण असं सांगितलंय. म्हणजे मराठीनं जे एका फुलात कोंबलं ते त्या ग्रंथात निदान तीन ठिकाणी वेगवेगळं आहे.

आता कारणं. लहान मुलांत अ जीवनसत्त्वाची कमतरता आणि गोवर, आणि जुन्या पिढीत खुपऱ्या (पापण्यांचे केस आत वळून पारपटल घासायचे) ही पूर्वीची मोठी कारणं, लसीकरण आणि अ जीवनसत्त्वाच्या डोसांनी त्यातली पहिली दोन बरीच मागं पडली. भारतातून सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून खुपऱ्या हटल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२४ मध्ये मान्य केलं. सांगली-सातारा या दोन जिल्ह्यांत आता जास्त दिसतो तो शेतातला मार. वाळवा, पलूस, कराड पट्ट्यात ऊसतोड सुरू झाली की पात्याची करवतीसारखी धार डोळ्यावरून जाते. माण-खटाव, जत-आटपाडीकडं शाळूच्या मळणीत भुसा उडतो. पात्याबरोबर मातीतली बुरशी सरळ ओरखड्यात जाऊन बसते. गंमत म्हणजे बुरशीमुळं झालेल्या व्रणाची पहिली नोंद पण शेतावरचीच आहे : १८७९ मध्ये जर्मनीत थिओडोर लेबर यांनी नोंदवलेला रुग्ण ओट मळताना डोळ्यात फोलपट गेलेला शेतमजूर होता. थंड देशांत बुरशीचे व्रण कमी, पण दक्षिण भारतातल्या मोठ्या अभ्यासांत बुरशी आणि जिवाणू जवळजवळ बरोबरीनं सापडलेत, मुख्य बुरशी फ्युजेरियम आणि अ‍ॅस्परजिलस.

दुसरं कारण तंबाखूबरोबरचा चुना. चुन्याची पुडी किंवा ट्यूब पोराच्या हातात येते, तो ती दाबतो, फुटून पिचकारी थेट डोळ्यात. चुना अल्कली आहे, आम्ल वरच्यावर अडतं पण हा आत आत शिरत जातो, त्यामुळं दवाखान्याच्या वाटेला लागायच्या आधी, आहे तिथंच, पिण्याच्या स्वच्छ पाण्यानं निदान अर्धा तास डोळा धुवायचा आणि पापणीच्या आत अडकलेले चुन्याचे कण काढायचे. तूप, तेल, दूध काही नको.

निदानात अर्धी गोष्ट विचारपूस करूनच कळते : काय लागलं, कधी लागलं, घरात काय घातलं. पदराच्या टोकाला गाठ मारून फुंकर घालून शेक देण्यापर्यंत ठीक, पण त्याच पदरानं किंवा जिभेनं कण काढणं, एरंडेल, मध, कांद्याचा रस असं बरंच काही होऊन गेलेलं असतं. मग स्लिट लॅम्प (बारीक फटीतून प्रकाश टाकून डोळा मोठा दाखवणारं यंत्र, याच्या प्रकाशयोजनेचा पाया गुलस्ट्रँड यांनी १९११ मध्ये घातला) आणि फ्लुरोसिन या चमकणाऱ्या रंगाची पट्टी. केशरी पट्टी खालच्या पापणीला टेकवायची, पेशंटला दोनदा उघडझाप करायला लावायची आणि निळा लाइट टाकायचा : जिथं वरची कातडी सोललीय तेवढीच जागा पोपटी हिरवी चमकते, बाकी सगळं निळं-काळं. जुना वण असेल तर रंग धरत नाही. फुलाचे दोन अर्थ इथं एका मिनिटात वेगळे होतात. नागिणीच्या नातेवाईक विषाणूचा, म्हणजे हर्पिसचा व्रण असेल तर हिरवी रेघ झाडाच्या फांदीसारखी फुटत गेलेली दिसते. बुरशीचा व्रण कोरडा, करड्या रंगाचा, कडा पिसासारख्या विसकटलेल्या, शेजारी छोटे उपठिपके. आणि डोळा जेवढा वाईट दिसतो त्या मानानं पेशंट कमी तक्रार करतो, हे फसवं आहे.

तरी नुसत्या नजरेवर विसंबू नये. भुलीचे थेंब टाकून व्रणाचा तळ आणि कड खरवडायची, एक काच ग्रॅम स्टेनला (जिवाणू रंगवून बघायला), एक पोटॅशियम हायड्रॉक्साइडला, उरलेलं कल्चरला (जंतू वाढवून बघायला). पोटॅशच्या काचेवर पेशी विरघळून जातात आणि बुरशीचे फाटे फुटलेले धागे उघडे पडतात. दहा मिनिटांचं काम आणि खर्च नगण्य, त्यामुळं जिथं मायक्रोस्कोप आहे तिथं हे न करता औषध सुरू करणं मला पटत नाही.

उपचार कारणावर. जिवाणू असेल तर मॉक्सिफ्लॉक्सॅसिन किंवा घट्ट करून बनवलेले सेफाझोलिन-टोब्रामायसिनचे थेंब, सुरुवातीला दर तासाला, रात्री सुद्धा. हर्पिसला अ‍ॅसायक्लोव्हिर मलम दिवसातून पाच वेळा. धाग्याच्या बुरशीला नॅटामायसिन ५ टक्के. हे दुधासारखं पांढरं असतं, तळाशी बसतं, म्हणून दर वेळी बाटली हलवायची, आणि व्रणावर पांढरा साका दिसला तर औषध साचलंय, फूल वाढलेलं नाही. व्होरिकोनाझोल हे नवं आणि महाग औषध याच्याहून भारी पडेल असं वाटायचं, पण दक्षिण भारतातल्या अरविंद नेत्र रुग्णालयांत झालेल्या चाचणीचे निकाल २०१३ मध्ये आले आणि नॅटामायसिनच सरस ठरलं, फ्युजेरियममध्ये तर स्पष्टच. बुरशीचा व्रण भरायला आठवडे लागतात. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेले स्टिरॉइडचे थेंब इथं सगळ्यात घातक : लाली एका दिवसात उतरते, माणसाला बरं वाटतं आणि आत बुरशी मोकाट सुटते.

व्रण होऊच नये म्हणून काय करता येतं याचा चांगला पुरावा नेपाळमधल्या भक्तपूरचा आहे. तिथं गावातल्या स्वयंसेवकांनी डोळ्याला ओरखडा आलेल्यांना क्लोरॅम्फेनिकॉलचं १ टक्का मलम दिवसातून तीनदा, तीन दिवस दिलं. मार लागल्यापासून १८ तासांच्या आत मलम मिळालेल्यांत एकालाही व्रण झाला नाही. उशीर वाढला तसे व्रण दिसायला लागले. फडापासून दवाखान्यापर्यंत जायला तोडकऱ्याचा दिवस मोडतो, म्हणून तो दोन दिवस काढतो. आशाताईंच्या पिशवीत हे मलम असावं असं फार वाटतं.

वण राहिलाच तर तो किती दाट ते बघतात. मागचं बुबुळ स्पष्ट दिसत असेल तर नुसतं धुकं, अर्धवट दिसत असेल तर डाग, अजिबात दिसत नसेल तर पक्कं पांढरं फूल. बाहुलीच्या कडेला असलेल्या पांढऱ्याशुभ्र फुलापेक्षा मधोमध पसरलेलं पातळ धुकं कधीकधी नजर जास्त बिघडवतं, कारण त्यानं पृष्ठभाग वेडावाकडा होतो. अशा डोळ्याला कडक कॉन्टॅक्ट लेन्सनं बऱ्यापैकी दिसू शकतं, प्रत्येकाला ऑपरेशन लागत नाही.

दाट फुलाला पारपटल बदलणं हाच उपाय. माणसाचं पारपटल माणसाला बसवून टिकलं ते पहिल्यांदा ७ डिसेंबर १९०५ ला, आता चेक प्रजासत्ताकात असलेल्या ओलोमोउत्स इथं. सर्जन एडुआर्ड झिर्म, आणि पेशंट चुन्यानंच दोन्ही डोळे भाजलेला मजूर. दोनपैकी एका डोळ्यातलं कलम, म्हणजे बसवलेलं पारपटल, स्वच्छ राहिलं. मृत व्यक्तीचं पारपटल वापरायची पद्धत पुढं ओडेसाच्या फिलाटोव्ह यांनी रुळवली. भारतात पहिली नेत्रपेढी १९४५ मध्ये मद्रासला निघाली. पहिलं प्रत्यारोपण कुणाचं यावर दोन मतं आढळतात : काही ठिकाणी मद्रासच्या डॉ. मुथय्या यांचं नाव येतं, काही ठिकाणी १९६० मध्ये इंदूरला डॉ. धांडा यांनी केलेलं पहिलं यशस्वी धरतात. ‘पहिलं’ आणि ‘पहिलं यशस्वी’ यांत गल्लत झाली असावी.

आता पूर्ण जाडीचं कलम सरसकट करत नाहीत. आतला पेशींचा थर चांगला असेल तर तो ठेवून पुढचाच भाग बदलतात, आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आतल्या पेशी गेल्यानं पडदा सुजला असेल तर फक्त आतला पातळ पदर. नेत्रदानासाठी डोळे मृत्यूनंतर साधारण सहा तासांत काढावे लागतात. तोवर पापण्या मिटून वर ओला कापूस, पंखा बंद, डोकं थोडं उंच. चष्मा, मोतीबिंदूचं ऑपरेशन, साखर यांनी दान अडत नाही. रेबीज, एचआयव्ही, कावीळ बी असेल तर घेत नाहीत. महाराष्ट्रात १० जून हा नेत्रतज्ज्ञ डॉ. भालचंद्र यांच्या स्मरणार्थ दृष्टिदान दिन पाळतात.

कलम बसल्यावर टाके वर्षभर किंवा जास्तही राहतात, थेंब त्याहून लांब चालतात. लाली, दुखणं, उजेड सहन न होणं किंवा नजर कमी होणं यातलं एकही दिसलं तर त्याच दिवशी गाठायचं, मग ते मिरज असो की कराड. शरीरानं कलम नाकारायला सुरुवात केली असली तरी लवकर आलेल्याचं ते बऱ्याचदा वाचवता येतं.