सीओपीडीच्या पेशंटला ऑक्सिजन किती? ‘८८ ते ९२’ या आकड्यामागची गोष्ट

ऑक्सिजन हे औषधच आहे, त्याचाही डोस लिहायचा असतो, हे वॉर्डात पटायला फार वर्षं लागली. सलाइनचा थेंबन् थेंब चार्टवर यायचा. ऑक्सिजनपुढे मात्र ‘चालू’ एवढंच लिहिलेलं असायचं.

१९५०च्या आसपास डॉक्टरांच्या लक्षात आलं की, फुप्फुसाच्या जुनाट आजाराच्या, म्हणजे सीओपीडीच्या, काही पेशंटना भरपूर ऑक्सिजन दिला की ते गुंगीत जातात, रक्तातला कार्बन डायऑक्साइड चढतो. त्यावर १९६०मध्ये ठरावीक प्रमाणातच ऑक्सिजन देणारा व्हेंचुरी मास्क आला: निळ्या नळीला मिनिटाला २ लिटर सोडला की पेशंटला २४ टक्के ऑक्सिजन, पांढरीला ४ लिटर, २८ टक्के. रंगावरून डोस कळायला लागला.

घोळ घातला तो ‘हायपॉक्सिक ड्राइव्ह’ या शब्दाने. या पेशंटचा श्वास ऑक्सिजनच्या कमतरतेवरच चालतो, ती भरून काढली की श्वासच थांबतो, असं पिढ्यान् पिढ्या शिकवलं गेलं. १९८०च्या सुमारास प्रत्यक्ष मोजमाप झालं तेव्हा दिसलं की श्वसन थोडं मंदावतं आणि बरंचसं सावरतंही. कार्बन डायऑक्साइड मात्र चढलेलाच राहतो. म्हणजे मुख्य कारण दुसरीकडे होतं. जादा ऑक्सिजनमुळे, हवा नीट न पोचणाऱ्या भागातल्या आखडलेल्या रक्तवाहिन्या सैल पडतात आणि रक्त नको तिथे वळतं. शिवाय ऑक्सिजन धरताना हिमोग्लोबिन कार्बन डायऑक्साइड सोडून देतं. पाठ्यपुस्तकातलं जुनं वाक्य तरीही हललं नाही, आणि त्याची किंमत पेशंटने मोजली. ओठ निळे पडलेत, सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) ७८, आणि सिस्टर ऑक्सिजन कमी-जास्त करायच्या फ्लोमीटरला हात लावायला घाबरतेय. दोष तिचा नव्हे, तिला तसंच शिकवलेलं. उलट टोकाची चूकही तितकीच वाईट: पेशंट पेंगला म्हणून मास्क एकदम काढायचा. अशाने रक्तातला ऑक्सिजन सुरुवातीपेक्षाही खाली कोसळू शकतो.

१९८०च्या दशकात बोटाला लावून सॅच्युरेशन मोजणारा पल्स ऑक्सिमीटर सर्रास झाला, तेव्हा कुठे नेम धरून ऑक्सिजन देणं शक्य झालं. २००८च्या ब्रिटिश मार्गदर्शक सूचनांनी कार्बन डायऑक्साइड साठण्याचा धोका असलेल्यांसाठी ८८ ते ९२ टक्के सॅच्युरेशन हे लक्ष्य ठरवलं. दोन वर्षांनी टास्मानियातल्या रुग्णवाहिकांमधल्या ४०५ पेशंटचा अभ्यास आला. सरसकट ८-१० लिटर दिलेल्या गटात मृत्यू सुमारे ९ टक्के, आकडा बघून दिलेल्या गटात ४ टक्के.

एक फट मात्र राहून जाते, ती औषधाचा फवारा श्वासातून देणाऱ्या नेब्युलायझरची. श्वासनलिका मोकळ्या करणारं साल्ब्युटामॉल द्यायला ऑक्सिजनची लाइन जोडली की ६-८ लिटर आपोआप सुरू होतो, आणि औषध संपल्यावरही मास्क तोंडावर तसाच फुसफुसत राहतो. म्हणून अशा पेशंटला नेब्युलायझर ऑक्सिजनऐवजी साध्या हवेच्या दाबावर, ऑक्सिजन नाकातल्या नळीने वेगळा; हवेची सोय नसेल तर ऑक्सिजनवर ६ मिनिटं, त्याहून जास्त नाही.