ऑल स्टार कॉमिक्स : संकलित पुनर्मुद्रणे

अमेरिकेतील ‘ऑल स्टार कॉमिक्स’ या नियतकालिकाच्या ३ ते ५७ या अंकांत प्रसिद्ध झालेल्या ‘जस्टिस सोसायटी ऑफ अमेरिका’ या सुपरहिरो-चमूच्या कथांची ग्रंथरूप पुनर्मुद्रणे. डीसी कॉमिक्स या अमेरिकी प्रकाशनसंस्थेच्या ‘अर्काइव्ह’ या पुनर्मुद्रण-मालेत १९९०च्या दशकाच्या आरंभापासून पुढे पुठ्ठाबांधणीच्या ११ खंडांत हे सर्व अंक पुन्हा उपलब्ध झाले. चमूचा जन्म होण्यापूर्वीच्या पहिल्या दोन अंकांसाठी नंतर शून्य क्रमांकाचा स्वतंत्र खंड निघाला. मूळ अंक दुर्मिळ व अतिशय महाग असल्याने आज बहुतेक वाचक आणि अभ्यासक या कथा पुनर्मुद्रणांतूनच वाचतात. त्यामुळे मूळ अंकातील काय जसेच्या तसे आले आणि काय बदलले, हे जाणून घेणे कथांच्या आकलनाइतकेच महत्त्वाचे ठरते.

चमूचा उगम : तिसऱ्या अंकावर १९४० च्या हिवाळ्याचा उल्लेख आहे. अंकावर प्रत्यक्ष विक्रीच्या पुढची तारीख छापण्याचा त्या काळचा प्रघात लक्षात घेता तो १९४० सालच्या उत्तरार्धातच विक्रीस आला असावा. या अंकात फ्लॅश, ग्रीन लँटर्न, हॉकमॅन, अ‍ॅटम, सँडमॅन, अवरमॅन, स्पेक्टर आणि डॉक्टर फेट हे आठ नायक एका भोजनप्रसंगी जमतात व प्रत्येक जण आपापली एक हकीकत सांगतो. यांतील पहिले चार मॅक्स गेन्स यांच्या ‘ऑल-अमेरिकन’ या प्रकाशनसंस्थेचे, तर उरलेले चार तिच्याशी व्यावसायिक संबंध असलेल्या व पुढे डीसी म्हणून ओळखल्या गेलेल्या संस्थेच्या ‘अ‍ॅडव्हेंचर कॉमिक्स’ व ‘मोअर फन कॉमिक्स’ या नियतकालिकांतले होते.

ही कल्पना मूळ कोणाची, याविषयी एकमत नाही. काही लेखक तिचे श्रेय संहितालेखक गार्डनर फॉक्स यांना देतात. फ्लॅश, हॉकमॅन व डॉक्टर फेट यांच्या निर्मितीत फॉक्स यांचा सहभाग होता आणि सँडमॅनच्या आरंभीच्या कथाही त्यांच्याच आहेत. तेव्हा निम्मे सदस्य त्यांच्या हातचे होते, हा युक्तिवाद दुर्लक्षिण्याजोगा नाही. दुसरे मत संपादक शेल्डन मेयर यांच्या बाजूचे आहे. अंकाची रचना पाहता हे मत अधिक ग्राह्य वाटते. प्रत्येक नायकाचे प्रकरण सामान्यतः त्याच्या नेहमीच्या चित्रकाराने काढलेले असून त्यांना जोडणारी भोजनप्रसंगाची पृष्ठे एव्हरेट हिबर्ड यांनी रेखाटली आहेत. दोन संस्थांचे नायक व अनेक चित्रकार एका अंकात बसविण्याची अशी जुळणी मुख्यतः संपादकाच्या मेजावरच होऊ शकते.

हा पहिलाच सुपरहिरो-चमू मानावा काय, हा प्रश्न व्याख्येवर अवलंबून आहे. ‘मार्व्हल मिस्टरी कॉमिक्स’मध्ये ह्यूमन टॉर्च आणि सब-मरिनर १९४० सालीच समोरासमोर आले होते, पण तो संघर्ष होता. नाव, बैठक आणि सदस्यत्वाचे नियम असलेली संघटना या अर्थी अग्रक्रम जस्टिस सोसायटीकडेच जातो. एकत्रित मोहिमेला मात्र चौथ्या अंकात (मार्च–एप्रिल १९४१) आरंभ झाला. तिसऱ्या अंकातील मंडळी केवळ कथाकथनासाठी जमलेली आहेत.

सलग वाचनातून दिसणारी रचना : चौथ्या अंकापासून सभा, कामाची वाटणी, एकेका नायकाचे स्वतंत्र प्रकरण आणि शेवटी सर्वांनी मिळून केलेला शत्रूचा पाडाव, असा क्रम ठरून गेला. द्वैमासिक अंकाच्या वाचकाला ही पुनरावृत्ती फारशी जाणवली नसावी. पहिल्या खंडात ३ ते ६ हे चार अंक एका बैठकीत वाचणाऱ्याला ती लगेच खटकते. परंतु खंडांचा खरा लाभही इथेच आहे, कारण या साच्यातील लहान बदल त्यामुळेच नजरेत भरतात. ज्या नायकाचे स्वतंत्र नियतकालिक निघे त्याला मानद सदस्य करून बाजूला काढण्याचा नियम होता. त्यानुसार फ्लॅश सहाव्या अंकात बाहेर पडला आणि त्याची जागा जॉनी थंडरने घेतली. सदस्यांची ये-जा वरकरणी कथेतल्या निमित्ताने घडते, पण तिच्यामागे विक्रीचा हिशेब होता, हे अंक ओळीने वाचल्यावरच स्पष्ट होते. पुढे १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात पृष्ठसंख्या घटल्यावर एकेकट्या नायकाची प्रकरणे मागे पडली व नायक जोड्यांनी वावरू लागले. चमूच्या कथा म्हणून हे उत्तरकालीन अंक अधिक बांधेसूद आहेत. ३७ व्या अंकातील (१९४७) ‘इनजस्टिस सोसायटी’ हा खलनायकांचा प्रतिचमू त्याचे उत्तम उदाहरण होय.

पुनर्मुद्रणाचे तंत्र : १९४० च्या दशकातील कॉमिक्सची मूळ चित्रे व निगेटिव्ह बहुतांशी टिकलेली नसल्याने छापील अंकावरूनच काळ्या रेघा मिळवाव्या लागतात. ग्रेग थीकस्टन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत छापील पान रसायनांत बुडवून त्यावरील लाल, निळा व पिवळा रंग उडवला जातो आणि उरलेल्या काळ्या रेघांचे छायाचित्रण करून नव्याने रंग भरले जातात. यात एका दुर्मिळ अंकाचा बळी जातो. दुसरा मार्ग जुन्या पानावर कागद ठेवून रेघा पुन्हा गिरवून घेण्याचा. त्यात मूळ चित्रकाराचा हात हरवतो, म्हणून तो कमी प्रतीचा मानावा लागेल. रंगांचा प्रश्न याहून नाजूक आहे. मूळ रंग शाई शोषून घेणाऱ्या, पिवळट वर्तमानपत्री कागदासाठी ठरवलेले होते आणि त्यांच्या मधल्या छटा बारीक ठिपक्यांनी साधलेल्या होत्या. तेच रंग पांढऱ्या, गुळगुळीत कागदावर सपाट भरले की भडक दिसतात. हॉकमॅनच्या पंखांवरील बारीक रेघा किंवा स्पेक्टरचा पांढराफटक देह यांचा मूळ परिणाम अशा पानांवर उणावतो. अलीकडे जुनी पाने जशीच्या तशी स्कॅन करून छापण्याकडे कल वाढला आहे. डाग व पुसट रेघा राहत असूनही ऐतिहासिक दृष्ट्या ही पद्धत अधिक प्रामाणिक होय.

तिसरा अंक ‘अर्काइव्ह’ खंडांच्या आधीच १९७५ मध्ये ‘फेमस फर्स्ट एडिशन’ या मोठ्या आकाराच्या मालेत पुनर्मुद्रित झाला होता. ५७ व्या अंकानंतर (१९५१) नियतकालिकाचे ‘ऑल-स्टार वेस्टर्न’ झाले. १९७६ मध्ये जुन्या नावाने पुन्हा सुरू करताना अंकाला ५८ हाच क्रमांक देण्यात आला; खंडांची जुळणी करणाऱ्या वाचकाचा येथे गोंधळ होऊ शकतो.

अप्रकाशित कथा : ‘द विल ऑफ विल्यम विल्सन’ ही १९४० च्या दशकाच्या मध्यास तयार झालेली कथा छापली गेली नाही. तिच्या चित्रांवर ३० सप्टेंबर १९४९ रोजी ती हिशेबातून रद्द केल्याचा शिक्का आहे. पुढे ही पाने आडवी कापून नष्ट करण्यासाठी काढली असता त्यांतील बऱ्याच पट्ट्या पुढे कॉमिक्स-लेखक म्हणून नावारूपाला आलेले मार्व्ह वुल्फमन यांनी वाचवल्या आणि संपादक-अभ्यासक रॉय टॉमस यांच्या प्रयत्नांतून त्या प्रकाशात आल्या. छापील अंकांपुरत्या मर्यादित असलेल्या खंडमालेला त्यांची जोड दिल्यावाचून या चमूचा अभ्यास पूर्ण होत नाही.

समकालीन चमू : ‘लीडिंग कॉमिक्स’मधील ‘सेव्हन सोल्जर्स ऑफ व्हिक्टरी’ या चमूच्या कथाही ‘अर्काइव्ह’ मालेत आल्या. प्रतिस्पर्धी प्रकाशनसंस्थेच्या ‘ऑल विनर्स कॉमिक्स’मधील चमू मात्र १९ व २१ या दोनच अंकांत (१९४६–४७) दिसतो.