पार्श्वभूमी : न फुटलेला पान्हा आणि पीयूषिका

बाळंतपणात अतोनात रक्त गेलं, बाई वाचली, पण पान्हा फुटला नाही. पुढे पाळी आली नाही, काखेतले केस गळाले, वैशाखातही तिला गोधडी लागायची. कोकणातल्या वाड्यांवर घरीच बाळंतपणं होत, तेव्हा अशा बाईला ‘अंगात रक्त नाही’ म्हणून रक्तवाढीच्या गोळ्या मिळत. बिघाड असे मेंदूच्या बुडाशी, जेमतेम अर्ध्या ग्रॅमच्या ग्रंथीत.

या ग्रंथीच्या नावाचा घोळ जुना आहे. ‘पिट्युटरी’ हे नाव कफाच्या लॅटिन शब्दावरून पडलं; मेंदूतला कफ इथून नाकात उतरतो, असं युरोपात सतराव्या शतकापर्यंत मानत. समज गेला, नाव राहिलं. मराठीत कुठे ‘पोष ग्रंथी’ छापतात, कुठे ‘पीयूषिका’. ‘पोष’मधून वाढ कळते, हे मान्य. तरी मला पीयूषिकाच नेमकं वाटतं. संस्कृतात पीयूष म्हणजे अमृत, तसंच व्यालेल्या गाईचं पहिलं दूध. आपल्याकडे तोच चीक गूळ-वेलची घालून वाफवतात आणि खरवसाच्या वड्या शेजारी जातात. दूध तयार करायला लावणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक याच ग्रंथीच्या पुढच्या भागातून येतं आणि तो भाग मेल्याची पहिली खूणही बहुधा दूध न येणं हीच.

१९१४ मध्ये ही ग्रंथी मेलेल्या रुग्णाचं वर्णन झालं आणि असे रुग्ण खंगून हाडांचा सापळा होतात, ही समजूत बसली. १९३७ मध्ये एका ब्रिटिश विकृतिशास्त्रज्ञाने बाळंतपणातल्या रक्तस्रावाशी संबंध दाखवला. गरोदरपणी ग्रंथी फुगते, पुढच्या भागाला रक्त कमी दाबाच्या शिरांतून मिळतं. रक्तदाब कोसळला की तो भाग मरतो. बहुतेक बाया खंगत नाहीत, हेही त्यानेच ठासून सांगितलं. पण सापळ्याचं चित्र डॉक्टरांच्या डोक्यातून हललं नाही आणि अंगाने बऱ्या दिसणाऱ्या बाया निसटत राहिल्या.

१९८७ मध्ये ब्रह्मदेशातून घोणस चावलेल्यांमध्ये हाच आजार नोंदला गेला. भातकापणीत घोणस चावणं कोकणाला नवं नाही. विषाने बिघडलेली मूत्रपिंडं सावरली की माणूस घरी जातो. वर्षभराने आलेला थकवा त्या चाव्याशी कोणी जोडत नाही.

२०१४ पासून १०८ची गाडी वाडीपर्यंत येऊ लागली. तरी साठीच्या थकलेल्या बाईला ‘शेवटच्या खेपेला अंगावर दूध आलं होतं का?’ हे विचारायलाच हवं. उपचार गोळ्यांचाच आहे, पण क्रम पाळावा लागतो : आधी स्टेरॉइड, मग थायरॉइडची गोळी. उलट झालं तर जिवावर बेततं.