व्यवसाय प्रोफाइलवरील नियमित पोस्ट

शोधयंत्रावर आणि ऑनलाइन नकाशावर एखाद्या दुकानाची, दवाखान्याची, कारागिराची किंवा सेवाकेंद्राची जी नोंद दिसते, तिच्यावर मालकाने किंवा त्याने नेमलेल्या व्यक्तीने ठरावीक अंतराने लहान मजकूर, छायाचित्रे, सवलती आणि कार्यक्रमांची माहिती प्रसिद्ध करत राहण्याची पद्धत. अशा नोंदीला बोलीभाषेत ‘लिस्टिंग’ आणि गूगलच्या सेवेत ‘बिझनेस प्रोफाइल’ म्हणतात. समाजमाध्यमांवरील पोस्ट आणि ही पोस्ट यांत मूलभूत फरक आहे. समाजमाध्यमावर मजकूर अनुयायांपर्यंत आपणहून पोहोचतो, तर व्यवसाय प्रोफाइलवरील पोस्ट प्रामुख्याने त्या व्यवसायाचे नाव किंवा तशी सेवा शोधणाऱ्याच्या नजरेस पडते. वाचणारा बहुधा काही गरज घेऊनच आलेला असतो आणि पुष्कळदा त्याला त्याच दिवशी निर्णय घ्यायचा असतो. या पद्धतीचे खरे मोल येथे आहे, आणि तिच्याविषयीचे बरेच गैरसमजही हा फरक न ओळखल्याने निर्माण होतात.

गूगलने स्थानिक व्यवसायांच्या नोंदींसाठी ‘लोकल बिझनेस सेंटर’ ही सेवा 2005 मध्ये सुरू केली. 2010 मध्ये तिचे नाव ‘गूगल प्लेसेस’ झाले, 2014 मध्ये ‘गूगल माय बिझनेस’ आले आणि 2021 च्या अखेरीस ‘गूगल बिझनेस प्रोफाइल’ हे आजचे नाव मिळाले. व्यवसायांना आपल्या नोंदीवर पोस्ट टाकण्याची सोय 2017 च्या मध्यात सर्वसाधारणपणे खुली झाली. आरंभी साधी पोस्ट 7 दिवसांनंतर दर्शनी भागातून हटत असे. दर आठवड्याला पोस्ट टाकलीच पाहिजे, हा या क्षेत्रात रूढ झालेला दंडक मुख्यतः त्या काळातला आहे. पुढे नियम बदलला, आणि मुदत न घातलेली पोस्ट साधारण 6 महिन्यांनी संग्रहात जाऊ लागली. तरीही जुना दंडक अनेक मार्गदर्शकांतून जसाच्या तसा सांगितला जातो.

पोस्टचे तीन मुख्य प्रकार आहेत. साध्या माहितीच्या पोस्टमध्ये मजकूर, छायाचित्र आणि एक बटण असते. सवलतीच्या पोस्टला शीर्षक आणि आरंभ व समाप्तीच्या तारखा द्याव्या लागतात, शिवाय कूपन कोड आणि अटीही जोडता येतात. कार्यक्रमाच्या पोस्टलाही शीर्षक व कालावधी आवश्यक असतो. मजकुराची मर्यादा 1500 अक्षरांची असली, तरी शोधाच्या पानावर त्यातील सुरुवातीच्या ओळीच दिसतात आणि पुढचे वाचण्यासाठी पोस्ट उघडावी लागते. म्हणून काय, कधी आणि कोणासाठी हे पहिल्याच वाक्यात यायला हवे. शुभेच्छा, अभिवादन आणि व्यवसायाची स्तुती यांत ती जागा खर्च झाली, तर कामाची माहिती वाचकापर्यंत पोहोचतच नाही. दूरध्वनी क्रमांक मजकुरात लिहिल्यास पोस्ट नाकारली जाऊ शकते. क्रमांकासाठी कॉलचे स्वतंत्र बटण दिलेले आहे आणि ते प्रोफाइलवरील क्रमांकच वापरते. मद्य, तंबाखू, जुगार, औषधे, शस्त्रे अशा नियंत्रित वस्तूंविषयीच्या मजकुरावर विशेष निर्बंध आहेत. अस्पष्ट छायाचित्रे, भ्रामक दावे आणि व्यवसायाशी संबंध नसलेला मजकूर हीदेखील पोस्ट नामंजूर होण्याची कारणे ठरतात.

नियमित पोस्ट टाकल्याने नोंद शोधाच्या निकालात वर येते का, हा या विषयातील सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न आहे. स्थानिक निकालांचा क्रम मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतो, असे गूगल सांगते : शोधलेल्या गोष्टीशी नोंदीचा मेळ, शोधणाऱ्यापासूनचे अंतर आणि व्यवसायाची ख्याती. पैसे देऊन हा क्रम सुधारता येत नाही, हेही कंपनीने स्पष्ट केले आहे. अंतरावर पोस्टचा काहीही परिणाम होऊ शकत नाही. ख्याती घडते ती ग्राहकांचे अभिप्राय, इतर संकेतस्थळांवरील उल्लेख आणि दुवे यांतून. त्यामुळे पोस्टची संख्या वाढवून क्रमांक वर नेण्याचे आश्वासन कोणी देत असेल, तर त्याला ठोस आधार नाही, असेच म्हणावे लागते. पोस्टचा एक प्रत्यक्ष उपयोग मात्र निकालांच्या यादीतच दिसून येतो. शोधलेला शब्द पोस्टमध्ये आलेला असेल, तर काही वेळा व्यवसायाच्या नावाखाली त्या पोस्टमधील उल्लेख छोट्या ओळीत दाखवला जातो. सायकल दुरुस्तीच्या अनेक नोंदींपैकी एकीखाली विजेवर चालणाऱ्या सायकलींच्या बॅटरी तपासणीचा उल्लेख दिसला, तर तीच सेवा शोधणारा माणूस त्या नोंदीकडे वळण्याची शक्यता अधिक असते, मग ती यादीत तिसरी का असेना. क्रम तोच राहतो, पण निवड बदलू शकते. त्यासाठी पोस्टमध्ये सेवेचे नाव ग्राहक ज्या शब्दांत शोधतो त्याच शब्दांत आणि नेमकेपणाने यावे लागते.

यावरून किती वेळा पोस्ट टाकावी याचे उत्तरही मिळते. ज्या व्यवसायात दर आठवड्याला काही बदलते, त्याने आठवड्याला लिहावे. ज्यात महिनोन्महिने काही बदलत नाही, त्याने महिन्यातून एखादी पोस्ट सुस्पष्ट लिहिली तरी पुरे. वेळापत्रक पाळण्यासाठी तोच मजकूर थोडाफार फिरवून पुन्हा टाकणे, किंवा कोणत्याही व्यवसायाला लागू पडेल असे तयार चित्र वापरणे, यातून वाचकाला काहीच मिळत नाही. नवी सेवा, बदललेली वेळ, हंगामी काम, नुकतेच पूर्ण केलेले एखादे काम, ग्राहक वारंवार विचारतात त्या शंकेचे उत्तर, हे विषय कधी संपत नाहीत. छायाचित्र प्रत्यक्ष जागेचे, कामाचे किंवा मालाचे असावे. मोबाइलवर घेतलेले साधे पण खरे छायाचित्र विकत घेतलेल्या देखण्या चित्रापेक्षा अधिक विश्वास देते.

पोस्ट हा नोंद जिवंत ठेवण्याचा एक भाग आहे, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग तो नाही. कामाच्या वेळा चुकीच्या असतील, तर उत्तम पोस्ट वाचून आलेला ग्राहक बंद दारापाशी पोहोचतो आणि पोस्टने कमावलेले सारे तेथेच वाया जाते. सुट्ट्यांच्या दिवसांसाठी विशेष वेळा आधीच भरता येतात, आणि काही काळ काम थांबणार असेल तर ‘तात्पुरते बंद’ अशी खूण करता येते. व्यवसायाचा प्रकार सांगणारा मुख्य वर्ग अचूक निवडणे, नकाशावरील खूण योग्य जागी असणे, अभिप्रायांना, विशेषतः प्रतिकूल अभिप्रायांना, संयमाने उत्तर देणे, ही कामे पोस्टच्या आधी येतात. व्यवसायाच्या नावात सेवांचे शब्द घुसडणे, तसेच बक्षीस किंवा सवलत देऊन अभिप्राय मिळवणे, या दोन्ही गोष्टी नियमबाह्य आहेत. नोंदीत बदल सुचवण्याची मुभा कोणत्याही वापरकर्त्याला असते आणि असे काही बदल मालकाच्या हातून न होताही लागू होऊ शकतात. पोस्ट टाकण्याच्या निमित्ताने प्रोफाइल नियमित उघडले गेले, तर असा चुकीचा बदल लवकर ध्यानात येतो. नियमितपणाचा हा फायदा फारसा बोलला जात नाही, पण तो अगदी खरा आहे.

अशा नोंदी इतर सेवांवरही असतात. मायक्रोसॉफ्टच्या बिंग शोधयंत्रासाठी ‘बिंग प्लेसेस’ आहे. ॲपलने आपल्या नकाशांसाठी ‘बिझनेस कनेक्ट’ 2023 मध्ये आणले आणि त्यात सवलती व घडामोडी मर्यादित काळ दाखवण्याची सोय दिली.

परिणाम मोजण्यासाठी प्रोफाइलच्या कामगिरी विभागात कॉल, दिशादर्शनाच्या विनंत्या आणि संकेतस्थळाकडे गेलेल्या क्लिकची संख्या मिळते. हे आकडे संपूर्ण नोंदीचे असतात, एकेका पोस्टचे नसतात. म्हणून पोस्टमधील दुव्याला ओळखचिन्ह (वाचक कोठून आला हे सांगणारा, दुव्याच्या शेवटी जोडलेला छोटा मजकूर) जोडून त्या दुव्याने आलेले वाचक संकेतस्थळाच्या विश्लेषणात वेगळे पाहावे लागतात. पोस्ट टाकण्याचे काम बाहेरच्या संस्थेकडे सोपवताना तिला व्यवस्थापक म्हणून प्रवेश द्यावा आणि प्रमुख मालकी व्यवसायाच्याच खात्यावर ठेवावी. व्यवस्थापकाला पोस्ट टाकता येतात, माहिती बदलता येते, अभिप्रायांना उत्तरही देता येते. पण वापरकर्ते जोडण्याचा व काढण्याचा आणि नोंदच हटवण्याचा अधिकार मालकाकडेच राहतो.